शेपूटवाला पाहुणा

गोरेगाव
७ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. करुणास,
जळबाचा जय भीम व अ. आ. इकडे सर्व खुशाल. विशेष म्हणजे घरी पाहुणा आला आहे. अंगानं किरकोळ, पण चाल ऐटबाज. पोशाख काळा-पांढरा, टापटीप. साक्षी मोरीपाशी भांडी घासायला बसली की हा समोर हजर. तिलाही फार पसंत आहे, पुस्तक ठेवून त्याच्याकडेच बघत बसते. मार्चअखेर जाईल, तोवर येऊन बघून जा. कार्डावरची जागा संपली.
लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाप

सिद्धेश्वर
१३ फेब्रुवारी १९९७

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि. कार्ड वाचलं आणि डोकंच फिरलं. साक्षीची बारावी तोंडावर आली आणि तुम्ही तिच्यासाठी पाहुणे बघताय? तेही मोरीपाशी येऊन उभे राहणारे! शिकला किती, करतो काय, एक अक्षर नाही. तुमचे जावई म्हणतात की त्यांना दुसऱ्याच दिवशी वाटेला लावलं होतं, याला मार्चअखेरपर्यंत मुक्काम कसा?

मला मात्र हसू येत नाही. माझी बारावी अशीच गेली. इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी मी साडी नेसून यांच्या घरच्यांना पोहे देत होते. माणूस चांगला मिळाला, पण पेपर गेला तो गेलाच. तेव्हा बोलले नाही, आज बोलते. त्या पाहुण्याला हाकला, नाहीतर मी येऊन हाकलते.
राग मानू नये. मानलात तरी पत्र पाठवावं.
तुमची करुणा

गोरेगाव
१९ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. करुणास,
अ. आ. पाहुण्याला शेपूट आहे, हे लिहायचं राहूनच गेलं. अगं, धोबी पाखरू ते! दर थंडीत येतं, मोरीच्या ओलीत शेपूट वरखाली करत किडे टिपतं. लहानपणी तूच त्याच्यामागं धावायचीस, म्हणून वाटलं, ओळखशील. साक्षीनं तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. तुझी आई हसून हसून खाली बसली, वर म्हणते, पोरगी काहून एवढी तापली. पोह्यांचं आलं तेव्हा मात्र मी पत्र हातातून काढून घेतलं.

चूक माझी होती. आठ दिवस थांबा, एवढं जावयाच्या घरच्यांना म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आता साक्षीला अभ्यासाला आत बसवलंय, भांडी मी घासतो. पाखरू मला बघून लांबच उभं राहतं.

काल हायस्कुलात जाऊन आलो. बाहेरून बारावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो, जुलैत मिळतो म्हणे. क्लार्कनं विचारलं कोणासाठी. थोरलीसाठी, म्हणालो.
रागवत जा, पण लिहीत जा.
तुझा बाप

सिद्धेश्वर
२ नोव्हेंबर १९९७

ती. बाबांस,
सविनय जय भीम. आज आमच्याही मोरीपाशी शेपूटवाला पाहुणा आला. आमचा बंटी ओरडत त्याच्यामागं धावला. मी काही उठले नाही, माझा इंग्रजीचा धडा चालू होता. भांडी तुमचे जुने पाहुणे घासत होते, दुसऱ्याच दिवशी वाटेला लावलेले.
तुमची करुणा