दाराजवळची खुर्ची

३ जून
आजपासून रोज लिहायचं. नौबादमध्ये खोली मिळाली. पुढच्या भागात समुपदेशन केंद्र, पडद्यामागं मी, गॅस आणि एम.ए.ची पुस्तकं. पाटी कन्नड आणि मराठीत.
प्लॅन: सकाळी कॉलेजात गेस्ट लेक्चरर, संध्याकाळी प्रॅक्टिस, पुढच्या वर्षी पीएच.डी. मंठाळहून अप्पांची अट: दिवाळीपर्यंत जम बसला तर शीक, न्हाईतर मामा दाखवतील ते स्थळ. लगेच मान्य केली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, जम बसणारच.
क्लायंटची खुर्ची दाराजवळ ठेवली. वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे, असं पुस्तकात आहे.

१० जून
कोणी आलं नाही. पाया असाच घातला जातो.
घरमालकीण शोभाबाई डोकावल्या. गोळ्या देतीस का? नाही. सुई? नाही. मग करतीस काय? ऐकून घेते, म्हटलं. त्या हसल्या, मग बसल्या आणि अंधार पडेपर्यंत जावेबद्दल बोलल्या. फी मागणं बरं दिसलं नाही. अनुभव म्हणून धरलं.

२२ जून
पहिली केस! मागच्या गल्लीतल्या चंद्रम्मा सुनेला घेऊन आल्या. ही वेगळं राहतो म्हणायलीय, हिला जरा समजावून सांगा. मी चंद्रम्मांना नम्रपणे बाहेर बसवलं. सल्ला द्यायचा नसतो, निर्णय क्लायंटचा. सून रडली, शांत झाली, जाताना हसली.

२७ जून
सून नवऱ्यासकट वेगळी झाली. पद्धतीचा विजय!
चंद्रम्मा दारात येऊन ओरडल्या, ऐकून घ्यायचं दुकान म्हणं! घर फोडायचं दुकान हाय हे! सगळी गल्ली बाहेर आली. प्रसिद्धी म्हणून वाईट नाही.

१५ जुलै
सासवा सुनांना माझ्या दारावरून न नेता लांबच्या रस्त्यानं नेतात. हेही दिवस जातील.
कॉलेजात मानसशास्त्राला पोरं नाहीत म्हणून माझे तास बंद. प्राचार्य म्हणाले, मॅडम, बेजार होऊ नका, पुढच्या वर्षी बघू. बरंच झालं. आता पूर्णवेळ प्रॅक्टिस. अप्पांना कळवलं नाही. फक्त धाकट्या मल्लेशला सांगितलं. भाऊ आहे, पोटात ठेवील.

२ ऑगस्ट
आळंदहून हणमंतप्पामामांचा फोन. केस आहे! चांगल्या घरची पोरगी, शिकलेली. लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवायलीय. कुणाचंच ऐकंना गेलीय. तूच समजाव, तुझं ऐकंल ती.
शेवटी मामांना माझ्या शिक्षणाची किंमत कळली. मी स्पष्ट सांगितलं, समजावणार नाही, तिची बाजू ऐकून घेईन. व्हय व्हय, म्हणाले, पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन येतो.

१० ऑगस्ट
खुर्चीला नवी गादी शिवून आणली. बिचारी घरात एकटी शिकलेली असणार. तिला एवढंच विचारायचं: तुला काय पाहिजे?

११ ऑगस्ट, रविवार
जीपमधून मामा उतरले. मग अप्पा, आई, मल्लेश. त्यांच्यामागं कोणी उतरेना. मुलगी कुठंय, विचारलं. मल्लेश चपलेकडं बघायला लागला.
मामा माझ्या खुर्चीत बसले. दाराजवळची दाखवून म्हणाले, बस की बाई. मी बसले. आई उंबऱ्यावर बसली.
स्थळ हुमनाबादचं. शिकू देतो म्हणत्यात, मामा म्हणाले. कॉलेज सुटलं तरी कामून सांगितलं न्हाईस, असं अप्पा एकदाच म्हणाले. आई पदरानं डोळे पुसत राहिली. मी मल्लेशकडं बघितलं. अक्का, तोंडातून निघून गेलं, म्हणाला.
तुला काय पाहिजे, हे कोणी विचारलं नाही. मी मनातल्या मनात विचारलं. उत्तर येण्याआधी मामांनी पेढ्याचा डबा पुढं केला.

संध्याकाळ
नोंद: केस एकाच बैठकीत निकाली. मुलगी पाहुण्यांसमोर बसायला तयार.
गादी मऊ आहे. क्लायंट शेवटपर्यंत उठली नाही.