साडेतीन फुटांची माणसं आणि सासूबाईंचा होम

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, माळेगाव. दिवेलागण.

उपास सोडण्याआधी लिहून काढते, नाहीतर घास उतरायचा नाही.

आज इंदापूरची मंडळी माझ्या सायलीला बघायला आली. आधीची दोन स्थळं तिच्या उंचीवरून गेली, म्हणून मी उंच टाचेच्या चपला आणलेल्या. कार्टीनं घातल्याच नाहीत! मी आतून धसकलेली.

मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "पोरीची उंची किती म्हणायची?"

सायली म्हणाली, "काका, लांबच्या एका बेटावर पूर्वी साडेतीन फुटांची माणसं होती. दगडाची हत्यारं करायची, हत्ती मारायची. त्यांच्यापुढं मी ताडच!"

संपलं, म्हटलं. पण इतका वेळ मुका बसलेला मुलगा एकदम पुढं सरकला. "तितले हत्तीबी बुटकेच होते की!" मग काय, दोघांचं सुरूच. ती माणसं आपली कोण लागतात, संपली कशी, होमो हे, होमो ते. पोहे गार. मला निम्मं कळलं नाही, तरी चपलांचा विचार कुठल्या कुठं गेला.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या मधेच कडाडल्या, "अगं भवाने, लग्नाच्या होमाचं मागनं बघू! आदी होकार तर येऊ दे!"

सगळं घर हसलं. मुलाचे वडील डोळे पुसत म्हणाले, "आजी, होकार हाय आमचा. तुमी होमाचंच बघा आता."

चपला कोऱ्याच आहेत, उद्या दुकानात परत. आणि त्या बेटावरच्या माणसांचं नाव घेणारं मागं कुणी उरलं नसेल ना? आज नैवेद्यातला एक घास त्यांच्यासाठी काढते. माझ्या लेकीचं लग्न जुळवायला पहिले तेच उभे राहिले.