पावलावरचा फोड

चांगुणा,

उठलीस की उजवं पाऊल बघ. वरच्या अंगाला फोड आलाय. माझ्यामुळंच आलाय. शेजारच्या केवळाबाईचं ऐकून काल गरम विटेनं शेकलं. तू गप पडून होतीस, मला वाटलं बरं वाटतंय. पावलाला काही कळतच न्हाई, हे ध्यानात आलं न्हाई.

डॉक्टर बोलले होते, पाऊल लुळं पडलं तरी हा लकवा न्हाई. खडी फोडताना दिवसभर उकिडवं बसून गुडघ्याजवळची शीर दबली. वरून खाली हळूहळू जीव येईल. आधी मुंग्या, मग दुखणं, तीच बरं व्हायची खूण. तवर शेकू नका. पण घाई मलाच लई.

मी नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत शिपायाच्या जागेसाठी चकरा मारत होतो, तवा खडीवर तूच बसत होतीस.

टँकरचं पाणी भरून ठेवलंय. फोड फोडू नको. मलम आणायला लातूरला चाललो. तुझ्या तोंडाकडं बघवलं नसतं, म्हणून उठवलं न्हाई.

फोडाच्या कडेला हळूच बोट लावून बघ. दुखलं, तर मी आल्यावर आधी तेच सांग. शिव्या मागून दे.

भुजंग