काडतुसाचं तोंड

करमाळा, फाल्गुन, सन १९३४

प्रिय महिपती,

तुझं पत्र पोचलं. नव्या बारीक नळीच्या बंदुकीची काडतुसं घरी भरतोस, पण तोंडं नीट वळत नाहीत, काठ चुरगळतो, अक्का, तुला कसं जमायचं ते कळव, असं लिहिलंस. कळवते.

वापरलेल्या काडतुसाची कागदी पुंगळी आधी चांगली वाळू दे. दमट कागद तोंड वळवायच्या यंत्रात नुसता गोळा होतो. काठ विसकटला असेल तर ती पुंगळी फेकून दे. दारू, पुठ्ठ्याची चकती, लोकरीचा जाड नमदा, छर्रे, वर पातळ चकती, एवढं घालून झालं की वळवायला करंगळीच्या नखाएवढा कागद उरला पाहिजे. जास्त उरला तर तोंड आत खचतं, कमी उरला तर पकड बसत नाही. काठाला मेण लाव. यंत्राची मूठ सावकाश फिरव, जोर देऊ नकोस. तोंड सैल राहिलं तर दारू पुरती पेटत नाही आणि नमदा नळीतच अडकून बसतो. पण हे तुला नव्याने सांगायला नको.

आपले अप्पा कुंभारीचे पाटील, बंदुकीचा परवाना त्यांचा, पण काडतुसं भरायला त्यांनी मला बसवलं. "सारजे, तुजा हात हलका हाय," म्हणायचे. लग्न झाल्यावरही माहेरी आले की मी पिशवी भरून ठेवायची. तित्तिर तू आणायचास, गाव तुझं कौतुक करायचं. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

तुझे दाजी मला न्यायला आले होते तेव्हाची गोष्ट. माझी काडतुसं तू दोस्तांबरोबर सशांमागे उडवून आलास. अप्पा रागावतील म्हणून मोरीजवळ पडलेल्या ओल्या पुंगळ्या घाईघाईने भरून पिशवीत टाकल्यास. दुसऱ्या दिवशी मेंढवाड्यात लांडगा शिरला. तू बार काढलास तो नुसता फुसकला, छर्रे पुढ्यातच सांडले. तू मागे सरलास. दाजींनी तुझ्या हातातून बंदूक घेतली, दुसरं काडतूस घातलं आणि चाप ओढला. नळीत नमदा अडकलाय हे त्यांना काय माहीत? नळी फुटली. डाव्या हाताची बोटं गेली, डोळा गेला.

फौजदार पंचनाम्याला आले. तू मान खाली घालून म्हणालास, "काडतुसं अक्का भरतीया." पिशवीतली उरलेली काडतुसं अप्पांनी पाहिली होती. सगळ्यांची तोंडं खचलेली. माझ्या हातचं एकही तसं नसायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? रात्री मला म्हणाले, "पोराचं नाव आलं तर परवाना जाईल, पाटीलकीला डाग लागंल. तू बाईमाणूस, तुला कोण काय म्हणणार हाय?" तो आळ मी तसाच राहू दिला. अप्पा ते मनात घेऊनच गेले.

मला कोण काय म्हणालं, ते तू कधी विचारलं नाहीस. सासूबाई आल्यागेल्यासमोर म्हणतात, "हिनं माज्या लेकाचा हात खाल्ला." दाजी तसं कधी बोलले नाहीत. पण सदऱ्याची गुंडी लावायला मी पुढे झाले की ते पाठ फिरवायचे आणि एका हाताने झटत राहायचे. मी बघत उभी राहायची.

महिपती, तुझं पत्र हातात पडलं तेव्हा घरात सुतक होतं. तुझे दाजी गेले. ताप डोक्यात चढला. तुला तार करू दिली नाही ती मीच. जाण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा हात हातात धरला आणि म्हणाले, "जाऊ दे सारजा, तुला मी माफ केलं." माझ्या ओठावर सगळं आलं होतं. मरणाऱ्या माणसाला खरं सांगून काय द्यायचं, म्हणून ती माफीही मी पदरात घेतली. ती तुझी होती. तेराव्याला ये आणि सासूबाईंच्या पुढ्यात बसून सांग, ती काडतुसं कुणी भरली होती. आला नाहीस तर मी सांगेन. मात्र त्यानंतर मला भाऊ होता, असं कुणाला सांगणार नाही.

अजून तरी तुझीच,
अक्का