डाव्या खांद्यावरची पाकळी

रत्नागिरी,
ता. ४ फेब्रुवारी १९५७, सोमवार

ती. सौ. हौसाबाय हिस,

धाकट्या रघूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. तुझं पत्र आणि धाकूच्या हाती पाठवलेली कुळथाची पिठी, दोन्ही पोचलं. पिठी संपत आली, पत्राचं उत्तर मात्र आज लिहितोय. रागावू नकोस. मुंबईच्या प्रदर्शनातून आमच्या प्रयोगशाळेतल्या फळ्या नाव काढून आल्यापासून इथे माणसांची रीघ लागली आहे. कोणी येतो, फळीवर टिचकी मारतो, उभा राहून बघतो आणि शेवटी एकच विचारतो: लाकूड सोलून परत चिकटवायचं, तर मुळात सोलायचं कशाला? तूही तेच विचारलं आहेस, म्हणून एकदाच सांगतो. खोड उकडून मऊ करायचं, मग ते गरगर फिरवून पात्याखाली त्याचे लांबच लांब पापुद्रे काढायचे. ते एकावर एक उभे-आडवे रचून मध्ये सरस लावायचा आणि वरून दाब द्यायचा. अशी बोटभर जाडीची फळी सागासारखी ताठ राहते. ज्या आंब्याच्या खोडात आपला सुतार चार दारं काढील, त्यात आम्ही तीस काढतो. म्हणजे सागाच्या रानावर कुऱ्हाड कमी पडेल. मी डेहराडूनला दोन वर्षं जाऊन शिकलो ते हे.

सगळी मेख होती सरसात. आपल्या पावसात बाजारचा सरस टिकत नाही, पहिल्या वर्षी श्रावणात आमच्या फळ्या ओल्या पापडासारख्या सुटल्या होत्या. आता दुधाचा चोथा आणि चुना घालून मी केलेला सरस पाण्याला दाद देत नाही. साहेब खूश आहेत. तब्येत बरी आहे. खाणावळीत भाताबरोबर रोज तीच डाळ, पण माझी तक्रार नाही.

आता बाबांचं. तुझा मजकूर मला नीट समजला का ते बघ. गेल्या चैत्रात आमच्या कामासाठी वाघजाईच्या राईतला एक रायवळ आंबा द्यावा का, म्हणून गावानं देवीला कौल लावला. बाबांनी रीतीप्रमाणे देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं पाकळ्या लावल्या. उजवी पडली म्हणजे देवीची परवानगी, डावी पडली तर नकार. उजवी पडली, गावानं आंबा दिला. आता फळ्यांचा कारखाना काढणारे लोक राईतली उरलेली मोठी झाडं सगळीच मागतायत, बदल्यात गावाला शाळेची इमारत बांधून देणार आहेत. मानकरी म्हणतात, पुन्हा कौल लावा. आणि बाबा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून राहतात, आत जात नाहीत. कारण तेव्हाची डावी पाकळी अजून देवीच्या खांद्याला धरून आहे. रोजचं स्नान झालं, अख्खा पावसाळा गेला, पाकळी काळी पडली पण सुटली नाही. दुसरी पाकळी आपण होऊन सुटेपर्यंत कौल पुरा झाला असं म्हणायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ती आपण मोडली आणि अर्धा कौल गावाला सांगितला, असं बाबांनी मनात घेतलं आहे. गावातही आता लोक तसंच कुजबुजतात.

तू लिहितेस, तू शिकलेला, येऊन त्यांना समजाव. सध्या येणं जमणार नाही. पण त्यांना सांग, यात काही नाही. चाफ्याला चीक असतो, चीक दगडाला धरतो, वाळला की घट्ट होतो. नखानं खरवडून पाकळी पऱ्याच्या वाहत्या पाण्यात टाकून द्यावी आणि वेळच्या वेळी जेवावं. हे पत्र त्यांना वाचून दाखव, म्हणजे बरं वाटेल.

मुलांना आशीर्वाद. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
रघुनाथ

*

रत्नागिरी,
ता. २० फेब्रुवारी १९५७, बुधवार

ती. हौसाबाय,

नमस्कार. तुझं पत्र काल आलं. खुशालीचं काही लिहीत नाही, कारण इकडे क्षेम नाही आणि तिकडेही नाही.

माझं पत्र तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलंस. मीच तसं लिहिलं होतं, तुझा काय दोष? ते उठून देवळात गेले, तुला वाटलं पाकळी काढायला गेले, आणि हात न लावता परत आले. दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांना बोलावून म्हणाले, देवीची सेवा आमच्या घरातून काढा, भाऊबंदांतल्या लवूला द्या. त्यांचे शब्द तू जसेच्या तसे लिहिलेस, बरं केलंस. "रगू शिकल्याला हाय, त्यो सांगतो ता खरा आसंल. पन कौल माज्या हातनं अर्धा ऱ्हायला. आता ह्यो हात आयला लावायचा नाय." आणि येत्या सोमवारी लवू सगळ्या राईचा कौल लावणार. लवूच्या घरावर कारखानेवाले नवं छप्पर घालून देणार आहेत तेही तू लिहिलंस. पुढचं मला सांगायला नको.

बाय, चाफ्याला चीक असतो हे खरं आहे. पण ती पाकळी चिकानं धरलेली नाही. ती माझ्या सरसानं धरली आहे.

झालं, लिहिलं. कालपासून तीन कागद फाडले, प्रत्येकात या वाक्याच्या आधी कारणं होती. आता कारणं मागून येऊ देत.

गेल्या चैत्रात आमचं काम बंद व्हायच्या बेतात होतं. दोन पावसाळे फुकट गेलेले, वरून विचारणा आलेली. बागांतल्या म्हाताऱ्या कलमांची खोडं मिळत होती, पण ती बुटकी, वाकडी आणि गाठींची. त्यांच्या आखूड पट्ट्या सांधून फळी करता आली असती. किचकट काम, त्याला आणखी एक वर्ष लागलं असतं. साहेब म्हणाले, एक सरळ, जाड, निर्दोष खोड मिळालं तर महिन्यात चांगली फळी दाखवता येईल आणि काम वाचेल. मी पटकन म्हणालो, आमच्या राईत आहे. गावाला विचारायच्या आधी म्हणालो. ज्या राईतली वाळकी काटकीसुद्धा बाबांनी मला कधी घरी आणू दिली नाही, ती मी मालकासारखी देऊन बसलो.

मग गाव म्हणालं कौल लावू. तुला ठाऊक आहे, लहानपणापासून कौलाचं ताम्हण मांडायचं काम माझं. त्या सकाळीही मीच फुलं आणली. बाबांना मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं, त्यांनी विश्वासानं ताम्हण माझ्याकडे दिलं. खिशात सरसाची कुपी होती. डाव्या बाजूला ठेवायच्या पाकळीला मी मागून बोट फिरवलं. दूध आणि चुना, मी मनाशी म्हटलं, त्यात काय अमंगळ आहे? देवीला दूध चालतं, भिंतीला चुना चालतो. माणूस स्वतःला किती लवकर समजावतो बघ.

पाकळी लावताना बाबांनी बोटं चोळली आणि विचारलं, ही ओशट का रे लागते? मी म्हणालो, चाफ्याचा चीक असेल. दहा महिन्यांनी तुला लिहिताना मी तीच थाप लिहिली. नवी रचायचीही तसदी घेतली नाही.

उजवी पडली. लोकांनी हाळी दिली. तू बायकांत उभी होतीस, तुला आठवत असेल, बाबा तसेच डोळे बारीक करून डाव्या खांद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जरा ऱ्हावा." त्यांना रीत पाळायची होती. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणालो, "झालं की बाबा, उजवी पडली." आणि कुऱ्हाडीवाल्यांना घेऊन निघालो. कौल त्यांच्या हातून अर्धा राहिला नाही. मी त्यांना पुरा करू दिला नाही.

मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत कोणी तरी ती पाकळी पुसून काढील. माझ्याच सरसावर माझा भरवसा नव्हता म्हण. इथे मी शेकडो तुकडे पाण्यात बुडवून पाहतो, किती टिकले त्याचं टिपण ठेवतो. त्यांतला सर्वांत चांगला टिकलेला तुकडा आमच्या देवीच्या खांद्यावर आहे. हे आठवून परवा मला हसू आलं, आणि मग जेवण गेलं नाही.

कौल म्हणजे थोतांड, असं मी इथे मित्रांत बोलतो. तसं खरंच वाटत असतं तर उजवी की डावी, जी पडेल ती पडू दिली असती. मला देवी नको म्हणेल याची भीती होती बाय. आणि त्याहून जास्त, गाव नको म्हणेल याची. गावाला नीट सांगून बघावं, की एक झाड द्या, त्यानं रानातली कितीतरी वाचतील, हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटलं, हे अडाणी, यांना काय कळणार? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक राई राखली त्यांना झाड राखणं मी शिकवायला निघालो होतो, आणि माझ्याच त्या एका आंब्याचा दाखला देऊन कारखानेवाले आता सगळी राई मागतायत. राई गेली की पऱ्या आटेल आणि खालची भाताची खाचरं कोरडी पडतील, हे सांगायला डेहराडून लागत नाही.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील, काढून टाकतील, मला बरं वाटेल. ते पोट धरून हसले. म्हणाले, फार हुशार आहेस, हे बाहेर बोलू नकोस, सोमवारचं होऊन जाऊ दे. खाई त्याला खवखवे, त्यांनी काही खाल्लं नाही, त्यांना खवखवत नाही. मी तिथून उठून आलो. नोकरी राहील की नाही मला माहीत नाही. राहिलीच तर वाकड्या कलमांच्या पट्ट्या सांधत बसेन. जे वर्ष वाचवायला मी देवीला फसवलं, ते वर्ष आता देईन.

आता तुझ्याकडे मागणं. हे पत्र बाबांना एकट्यांना वाचून दाखव, भावोजींनासुद्धा नंतर. कुठे मऊ करू नकोस. "झालं की बाबा" हे वाक्य तर मुळीच गाळू नकोस. मी रविवारच्या गाडीनं येतो. पत्र पुढे पाठवतोय, कारण समोर आलो की मी खरं ते बोलण्यात वाकवीन. तेवढी भाषा मला आली आहे. बाबांचं तोंड पाहिलं की, त्यांना त्रास नको, असं म्हणून मी स्वतःलाच वाचवीन.

सोमवारी लवूनं ताम्हण उचलायच्या आधी मी गावकीसमोर उभा राहणार आहे. जुना कौल खोटा होता, तो बाबांनी नाही, मी खोटा केला, म्हणून त्याच्या बळावर एकही झाड मागता येणार नाही, असं सांगणार आहे. सरस कसा सुटतो, असं लोक विचारतील. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवून हळूहळू. ते मी करीन, देवीला हात लावायला मला परवानगी दिली तर.

एका गोष्टीचं मात्र मला धैर्य होत नाही, म्हणून तुझ्या तोंडून विचारतो. आपल्याकडे देवीचा अपराध करणाऱ्यानं स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नसतं. त्यानं नारळ पुढे ठेवून मान खाली घालायची आणि गुरवानं त्याच्यासाठी देवीपुढे बोलायचं. चोराचं, घरफोड्याचं, भावाच्या बांधावर कुऱ्हाड चालवणाऱ्याचं गाऱ्हाणं बाबांनी घातलेलं मी ऐकलं आहे. ते कधी कोणाला नाही म्हणाले नाहीत. त्यांचा हात खोटा नव्हता हे कळल्यावर सेवा त्यांचीच आहे, आणि त्यांच्यापुढे पहिला नारळ माझा येईल.

ते माझं गाऱ्हाणं घालतील का, एवढं विचारून ठेव. नाही म्हणाले तर त्यांना आग्रह करू नकोस आणि लवूलाही सांगू नकोस. मी नारळ घेऊन पायरीखाली उभा राहीन. शिमग्यापर्यंत राहावं लागलं तरी राहीन.

बाबा म्हणू देतील तर त्यांचा,
रघू