तारेपलीकडचं उत्तर

ओस्तोया,

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. युद्धात कोझारा डोंगरातून शत्रूच्या सैनिकांनी आपल्या सगळ्या गावाला छावणीत नेलं. तुम्ही पुरुष काटेरी तारेपलीकडे, दिसतही नव्हतात. तुझा धाकटा भाऊ नुकताच मारला गेला होता. सुतकात आपल्याकडे कुणी गात नाही. तरी तुझी आई उठली. "योका, सूर धर. आपल्या गावाची चाल ओस्तोया ओळखेल."

आम्ही सगळ्या गायलो. पलीकडून पुढच्या कडव्यानं उत्तर आलं, त्यात तुझा आवाज, नेहमीसारखाच बेसूर.

सकाळी तुमची बाजू रिकामी होती.

युद्ध संपलं. तुझी आई मला विधवेचं काळं घालू देत नाही. संध्याकाळी डोंगराकडे तोंड करून गाते आणि तुझ्या कडव्यापुरती थांबते. तेवढा वेळ अख्खं गाव गप्प असतं.

तुझी,
योका