पाहुणे गुरुवारी येणार होते

बेल्लमपल्ली,
रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

सौ. मालनवहिनीले नणंदेचा नमस्कार.

सौ. लिहिलं खरं. वीस तारखेच्या सोमवारपर्यंत तरी लिहाले हरकत नाई.

इकडे सारे बरे आहेत, तिकडे तूही असशीन. मायचे गुडघे धरलेलेच आहेत. दादा सकाळी दुकानात जाते तो जेवालेच घरी येते. कोळशाची धूळ तशीच. वाळत घातलेलं लुगडं सांजपर्यंत काळं होते. तू नवी होती तेव्हा त्याच्यापायी रडली होती, आठवते का?

तुझं पत्र बुधवारी भेटलं. एवढ्या मोठ्या इनलँडात दोनच ओळी! "ताई, त्या मंगळवारी मी तुमाले सांगतलं होतं का नाई, एवढंच लिहा. मले आता माझाच भरोसा नाई राह्यला." बाकी सारा कागद कोरा. दोन ओळींसाठी पोस्टकार्ड पुरलं असतं बाई. पण तुझं पहिल्यापासून असंच, काम थोडं अन् पसारा लय.

आता मलेच विचारते तर मुळापासून सांगते.

गयाबाई सुईण सांगून गेली होती. नववा लागला का रोज दुपारी न्हाणीत मोठं घंगाळ भरा, सोसन इतकं ऊन पाणी घ्या, पोरीले कमरेइतकं बसवा. हाडं मोकळी होतात, अन् कळा खऱ्या का खोट्या तेही पाण्यातच समजते. दुसरी कोणी असती तर आरामात बसली असती. तू माझ्या कानाशी लागली. "ताई, पाण्यात बसलं का मले लघवी होते, थांबतच नाई. कळा देताना याच्यात संडास झाली तर? सारे काय म्हणतीन?"

असल्या गोष्टी नणंदेले सांगतात का, येडे? मी त्याच दिवशी जेवताना साऱ्यांसमोर सांगून टाकलं. माय ठसका लागेपर्यंत हसली. दादाही हसला, खोटं काऊन बोलू? शेजारच्या तेलुगू बाईले तर मी हातवारे करून समजावलं. तुझं नाव पडलं, घंगाळवाली. तेव्हापासून तू पाणी प्यायचं टाकलं, चतकोर भाकरीवर उठाले लागली. पोटात काही नसलं का बाहेर काही येणार नाई, म्हणे. माय म्हणाली, नखरे आहेत. मीही म्हटलं, नखरे आहेत.

अन् तूही काही कमी नव्हती हो. चौथा पाहुणा मले नाकारून गेला त्या दिवशी तू पोटावर हात ठेवून म्हणाली, "एकेकीचं नशीब असते, ताई." तू सहज म्हणाली असशीन. माझ्या काळजाले ते झोंबलं ते झोंबलंच.

तू माहेरी गेल्यावर तुझे बाबा पौषात आले होते, त्यांनी घरी काय सांगतलं ते ठाऊक नाई. टोपी मांडीवर ठेवून बसले होते. माय म्हणाली, "पाणी जाऊन दोन दिवस झाले होते, असं डॉक्टरीण बोलली. तुमच्या पोरीनं घरात एकाले तरी सांगतलं का? लपवून लपवून लेकराले पोटातच मारलं तिनं." दादा म्हणाला, "अमृतराव, तिनं कोणालेही सांगतलं असन तर मी आजच जाऊन तिले घेऊन येतो. लपवलं असन तर मले फारकत पाहिजे." तुझे बाबा म्हणाले, "पोरगी म्हणते, आशाताईले सांगतलं होतं." सारे माझ्याकडे पाहाले लागले.

मी म्हटलं, "मले नाई सांगतलं."

"तापात काहीही बरळली असन," माय म्हणाली. अमृतराव चहा न घेताच उठले. मंग तो चहा मीच पिली.

आणखी काय लिहू? दवाखान्यातलं तुले आठवत नसन, तू शुद्धीत कुठं होती! ज्याची तुले एवढी भीती होती ते तिथं टेबलावर झालंच. संडास, लघवी, सारंच. मी हसाले तोंड उघडलं होतं. पण आयानं कापडानं पुसलं, कापड बादलीत टाकलं अन् दुसरं घेतलं.  साऱ्याच बायांचं होते म्हणे, रोजचंच आहे. एवढ्याशा गोष्टीपायी तू महिनाभर उपाशी राह्यली, पाह्य.

अन् लेकरू तुले दाखवलं नाई. पोरगा होता. केस लय होते, कानावर आले होते. दादानं माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळून नेला.

आता तुझ्या दोन ओळी.

मंगळवारी दुपारी माय आंगणात तूर पाखडत होती. तू न्हाणीच्या दारात उभी होती, लुगडं घोट्यापर्यंत ओलं. "ताई, पाणी गेलं," म्हणाली. मी हसली, "आता तर घंगाळही लागत नाई तुले!" तू म्हणाली, "ताई, ही लघवी नोहे. वास नाई, अन् थांबतही नाई. मायले सांगा." खाली फरशीवर ओघळ आला होता. मले समजलं. मी कुमारीण असली तरी गाई विताना पाहिल्या आहेत.

पण गुरुवारी आदिलाबादचे पाहुणे मले पाहाले येणार होते. पाचवे. मायले सांगतलं असतं तर तू मंगळवारीच बाळंत झाली असती, घरात सोयर लागलं असतं, अन् सोयरातल्या घरी दहा दिवस कोणी पोरगी पाहाले येते का? ते लोक दुसरं घर पाहून मोकळे झाले असते. म्हणून मी म्हटलं, "लघवीच आहे. कोणाले सांगू नोको, पुन्हा सारे हसतीन." तू तिथंच गप झाली. हसतीन म्हटलं का तू गप होते, हे मले पक्कं ठाऊक होतं. लुगडं मीच पिळलं अन् कोळशाच्या ढिगामागं वाळत घातलं. बुधवारीही एक पिळलं. गुरुवारी तू आतल्या खोलीत तापानं फणफणत होती अन् मी पोह्यांच्या बशा घेऊन बैठकीत गेली. त्यांनी मले पसंत केलं. ते गाडीत बसल्यावर मंग मी मायले हाक मारली.

तर हो. तू मले सांगतलं होतं. तुझं डोकं जागेवर आहे, तुझं काही चुकलं नाई.

पण दादाले मी हे सांगणार नाई. वैशाखात माझं लगीन आहे. बाळंतीण लपवून पोरगी दाखवली हे तिकडं समजलं तर सहावा कोणी येणार नाई. तू आणखी कोणाची होऊन जाशीन, मले कोण आहे? तवा त्या सोमवारी दादा फारकतीचा कागद घेऊन आला का सही करून दे. रडू नोको त्याच्यासमोर, त्याले आवडत नाई.

हे वाचून चुलीत घाल. दादाले दाखवशीन तर मी म्हणीन, तिनंच कोणाकडून लिहून घेतलं. अन् तो माझंच ऐकीन, हे तुलेही ठाऊक आहे. जपून राह्य. पाणी पेत जाय.

तू जिले सांगतलं होतं,
ती